पुढच्या सीटवर वरमाई

"तीन दिवस पुरेल एवढी नदी सिंगापुरात आहे का?" आमचा बेत ऐकल्यावर पुण्याच्या भावाने फोनवर विचारलेला हा पहिला प्रश्न. प्रश्न रास्त होता. हा देश असा, की क्लेमेंटीला एमआरटीत बसून डुलकी लागली तर माणूस पासिर रिसला जागा होतो, आणि तिथे नुसती रेल्वे नाही, देशच संपलेला असतो.

पण तो संपतो असं वाटतं तिथेच समुद्रात पुलाउ उबिन नावाचं एक बेट आहे. त्याला मधोमध चिरत गेलेली खाडी आहे. मलय भाषेत तिला सुंगेई, म्हणजे नदी, म्हणतात. भरतीला ती खरोखर नदी असते, ओहोटीला चिखल. पहिल्या दिवशी सिंगापूरचा किनारा सोडून उबिन गाठायचं, दुसऱ्या दिवशी भरती साधून नदीतून बेट आरपार कापायचं, तिसऱ्या दिवशी पूर्वेचं टोक वळसा घालून परत. दोन मुक्काम तंबूत. मराठी माणसाने सुट्टीत याहून बरं काही करू नये अशी शिस्त असती तर मी ती मोडली नसती, इतका मी या सहलीवर खूश आहे.

आता खरं कारण सांगतो. होड्या हाकायला आम्ही गेलो नव्हतो. गेलो होतो एका बाईंचा होकार मिळवायला.

आमची मुक्ता नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. निनाद जहाजावर इंजिनियर. चार-पाच महिने समुद्रावर, मग दोन-तीन महिने इथे, क्लेमेंटीतच एका फ्लॅटमध्ये भाड्याच्या खोलीत. दोघांनी लग्न करायचं ठरवलं. मी हो म्हटलं, माझी बायको नीलिमा तर माझ्या आधी हो म्हणाली. राहिल्या निनादच्या आई, वसुधाताई. गुहागरजवळच्या खाडीकाठच्या गावात एकट्या राहतात, यजमान वारले. त्यांना आम्ही तिकीट पाठवून बोलावून घेतलं आणि आमच्याच घरी उतरवलं.

मुलगी पसंत आहे का विचारलं, तर म्हणाल्या, "गोड आहे हो." लग्नाचं काय करू या विचारलं, तर, "बघू." दर दोन दिवसांनी हाच प्रश्न, दर दोन दिवसांनी हेच उत्तर. 'नाही' म्हटलेलं परवडतं. 'बघू' हा शब्द मराठीत कुणी आणला त्याला एकदा भेटायची माझी इच्छा आहे.

त्यात नीलिमाने त्यांचा असा मान ठेवला होता की बिचाऱ्यांना हलता येईना. वसुधाताई चहाचा कप घेऊन उठल्या की नीलिमा धावत जाऊन तो हातातून काढून घ्यायची. "अहो, तुम्ही बसा!" त्या भाजी निवडायला बसल्या की ताट गायब. एकदा त्या बाल्कनीतले कपडे काढायला गेल्या, तर आत येईपर्यंत नीलिमाचा चेहरा असा, जणू घरातून चोरी झाली. वरमाई आमच्या सोफ्यावर बसून बसून फर्निचर व्हायला आल्या होत्या.

कयाकची कल्पना मुक्ताची. ती एका क्लबबरोबर अधूनमधून जाते. "आपण सगळे जाऊ. घरात नुसतं पोलाइट पोलाइट चाललंय. काकू येतील?"

आम्ही दोघं एकदम म्हणालो, "त्यांना कसं जमेल?"

वसुधाताई सोफ्यावरून म्हणाल्या, "येते की."

महिनाभरात त्यांनी दिलेलं हे पहिलं सरळ उत्तर.

चांगीहून उबिन

क्लबच्या प्रमुख मिस गोह. शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेल्या, बुटक्या, काटक, गळ्यात शिट्टी. त्यांच्याकडे बघून आपोआप रांगेत उभं राहावंसं वाटतं. आदल्या आठवड्यात एका जलाशयावर त्यांनी आमच्याकडून दिवसभर सराव करून घेतला होता, होडी उलटली तर बाहेर कसं यायचं यासकट. आता चांगीच्या किनाऱ्यावर त्यांनी पुन्हा सगळं सांगितलं. दोघांची कयाक. पुढे बसतो तो लय धरतो. मागे बसतो तो होडी वळवतो आणि हुकूम देतो. "बॅक सीट इज बॉस. फ्रंट सीट लिसन. ओके, आंटी? कॅन?"

"कॅन," वसुधाताई म्हणाल्या. महिनाभरात त्या सिंगापूर बरंच शिकल्या होत्या.

मिस गोहचं म्हणणं, वसुधाताईंचे दंड भक्कम दिसतात, त्यांना मागे बसवा. नीलिमाने मला बाजूला ओढलं. "वरमाईला मागे बसवायचं? उद्या पंगतीत शेवटी वाढलं म्हणतील." मी मिस गोहना समजावायला गेलो की आमच्यात मुलाच्या आईला पुढचा मान असतो. त्या म्हणाल्या, "अंकल, धिस इज कयाक, नॉट वेडिंग डिनर." पण शेवटी हात झटकून त्यांनी परवानगी दिली. वसुधाताई पुढे, नीलिमा मागे. दुसऱ्या कयाकमध्ये निनाद पुढे, मी मागे. मुक्ता मिस गोहबरोबर सगळ्यांच्या पुढे. क्लबची बाकी मंडळी ऑफिसात काम करणारी, तरुण, शर्यतीला निघाल्यासारखी. ती पहिल्या दहा मिनिटांत ठिपके होऊन गेली.

इकडे वरमाईंची होडी गोल फिरू लागली.

त्याचं कारण मला मागून स्वच्छ दिसत होतं. वसुधाताई फक्त उजव्या बाजूला वल्हं मारत होत्या. जोरात, मन लावून, कढईत हलवा ढवळल्यासारखं. मिस गोहनी शिकवलेलं उजवं-डावं-उजवं-डावं त्या जलाशयावरच सोडून आल्या होत्या. नीलिमाने फक्त एवढंच म्हणायचं होतं, "ताई, आता डावीकडे." पण ती ते म्हणेना. ती मागे बसून दोघींच्या वाटचं डावीकडे मारत होती. घामाने निथळत होती, आणि चेहऱ्यावर मंगल कार्यालयाच्या दारात उभं राहून अत्तर लावतानाचं हसू.

"निनाद," मी म्हटलं, "अरे, तुझ्या आईला सांग ना."

"काका, मी? मी आयुष्यात आईला काही सांगितलेलं नाही. ती सांगते, मी ऐकतो."

हा मुलगा तीन मैदानं मावतील एवढ्या जहाजाचं इंजिन चालवतो. पण कयाकमध्ये तोही असा वल्हं मारायचा की पाणी माझ्या तोंडावर यायचं आणि होडी होती तिथेच. आणि मीही त्याला काही बोललो नाही. होणारा जावई. कबूल करतो, आजार सगळ्या घराला होता.

मोठी जहाजं नांगर टाकून उभी होती, विमानं डोक्यावरून इतकी खाली उतरत होती की चाकं मोजावीत. त्या सगळ्या भव्यतेतून आमच्या दोन होड्या नागमोडी, वाट चुकलेल्या बदकांसारख्या चालल्या होत्या. आम्ही उबिनच्या किनाऱ्याला लागलो तेव्हा क्लबच्या मंडळींचे तंबू उभे राहून, नूडल्स खाऊन, भांडी धुऊन झाली होती.

"सो स्लो!" मिस गोह म्हणाल्या. "टुमारो कॅनॉट लाइक धिस, हां. टुमारो मस्ट कॅच द टाइड."

उबिनवर सिंगापूर उलटं होतं. इथे लिफ्ट नाही, कोंबडे आहेत. शहरात मी रस्त्यात शिंकायलाही कचरतो, इथे घोरपड माझ्या चपलेवर पाय ठेवून गेली आणि मागे वळून पाहिलंही नाही. झाडावर धनेशाची जोडी बसलेली. मुक्ता म्हणाली, मादी घरटं बंद करून आत बसते आणि नर तिला बाहेरून खाऊ आणून देतो. मी म्हटलं, चांगली पद्धत आहे. वसुधाताई वर बघत होत्या. त्या म्हणाल्या, "आणि नर आलाच नाही तर?"

सगळे हसले. मीही हसलो. त्या हसल्या नाहीत, हे माझ्या लक्षात आलं, पण तेवढ्यात रानडुक्कर आलं.

नीलिमाने वरमाईंसाठी डब्यात बेसनाचे लाडू आणले होते. बेदाणे, वेलची, साजूक तूप, सगळं यथासांग. मिस गोहनी बजावलं होतं की खाण्याच्या वस्तू पिशव्यांत बांधून झाडाला टांगा. पण वरमाईंचा डबा झाडाला टांगायचा? तो तंबूच्या दारात रुमालावर ठेवलेला. मादी आणि मागे पट्टेरी पिल्लांची रांग. तिने नाकाने झाकण असं उडवलं की मला वाटलं, हिला कुठल्या तरी लग्नाचा अनुभव आहे. आम्ही ताटल्या वाजवल्या, निनादने इंजिनरूममधला आवाज काढला. पाहुण्यांनी शेवटचा लाडू खाऊनच पंगत सोडली.

वसुधाताई म्हणाल्या, "चांगले झाले असणार."

नदीत

सकाळी भरतीबरोबर आम्ही खाडीच्या तोंडाशी शिरलो आणि माझी बोलती बंद झाली. असं फार क्वचित होतं, म्हणून नोंदवतो. दोन्ही बाजूंनी खारफुटीचं रान पाण्यावर वाकलेलं, मुळं अशी बाहेर आलेली की झाडं टाचा उंचावून उभी आहेत असं वाटावं. पाणी हिरवंगार, थांबलेलं, आणि त्यात आकाश. खंड्या निळी रेघ मारून जायचा. एका वळणावर पाणमांजरांचं अख्खं कुटुंब आडव्या खोडावर मासे खात बसलं होतं, कराकरा आवाज करत, तोंड न मिटता. नीलिमा मला जेवताना सांगते ते सगळं त्यांना कुणीच सांगितलेलं दिसत नव्हतं.

मिस गोहनी निघतानाच सांगितलं होतं: मधला भाग उथळ आहे. पाणी उतरायच्या आत तो ओलांडायचा. थांबायचं नाही.

आम्ही थांबलो नाही. आम्ही गोल फिरलो. वसुधाताईंची होडी उजवीकडे वल्हवून डावीकडच्या झाडीत घुसायची, मग नीलिमा ती बाहेर काढायची, मग पुन्हा तेच. पुढच्या होड्या वळणाआड गेल्या. मी आणि निनाद सोबत म्हणून मागे राहिलो. थोड्या वेळाने मला दिसलं की झाडांच्या मुळांवर ओल्या चिखलाचा एक पट्टा उघडा पडलाय. मग तो पट्टा रुंद झाला. मग आमच्या होडीचा तळ कसल्या तरी मऊ गोष्टीला टेकला. समोर बायकांची होडी एका तिवराच्या मुळात नाक खुपसून बसली होती.

खेकडे टकटक करत होते.

"वसुधाताई," नीलिमा म्हणाली, आवाजात अजून गुलाबपाणी, "जरा डावीकडे माराल का?"

"मारते हो." आणि त्यांनी उजवीकडे मारलं.

मग मी माझ्या बायकोचा तो आवाज ऐकला, जो फक्त मी आणि आमचा प्लंबर ओळखतो.

"अहो, डावीकडे! डावीकडे म्हणतेय ना मी! कालपासून मी एकटी दोघींचं वल्हवतेय, माझे खांदे गळून पडले! डावा हात कुठला ते कळतं की नाही तुम्हाला?"

निनादने वल्हं मांडीवर ठेवलं आणि डोळे मिटले.

वसुधाताई सावकाश मागे वळल्या. "कळतं. मग कालच का नाही बोललात?"

"कसं बोलणार? तुम्ही मुलाच्या आई!"

"मी मुलाची आई, म्हणून मला बिनडोक समजून तुम्ही गप्प बसलात? आणि पाणी उतरतंय हे मला मघाच दिसलं. माझा जन्म खाडीवर गेला. ओहोटी मला शिकवायला नको."

"मग तुम्ही का नाही बोललात?"

"मी पाहुणी! तुमच्या घरात मला कप विसळू देत नाहीत, तिथे तुमची होडी वळवायला कशी सांगू?"

मला हसू आवरेना. पण ते पुढच्या वाक्याला आपोआप आवरलं.

"आणि विचारताय रोज, लग्नाचं काय, लग्नाचं काय. काय सांगू? निनादचे बाबाही जहाजावरच होते. लग्न झालं तेव्हा मला कुणी सांगितलं नाही की नवरा पत्रात असतो. छप्पर उडालं, मी एकटी. पोराला ताप, मी एकटी. सासू गेली, मी एकटी. तुमची मुक्ता गोड आहे हो. मला फार आवडते. म्हणूनच हो म्हणवत नाही. एसीत वाढलेलं पोर ते. कसं निभावेल?"

नीलिमा ताडकन म्हणाली, "एसीत वाढलेलं? माझी मुलगी दिवसभर आजारी माणसं उचलून उभी करते! तुमच्याएवढी माणसं!"

"माझ्याएवढी म्हणजे?"

"म्हणजे... भक्कम!"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. आणि मग वसुधाताईंच्या पोटातून असं हसू आलं की होडी हलली. नीलिमा आधी रडली, मग तीही हसली. त्या हलण्याने होडी मुळातून सुटली आणि अधिक खोल चिखलात रुतली.

त्यानंतर सूत्रं वसुधाताईंनी हातात घेतली. सलवार गुडघ्यावर खोचून त्या खाली उतरल्या. "चिखलात सरळ उभं राहायचं नाही. होडीवर पोटाने रेला आणि पायांनी मागे ढकला. भावजी, बघताय काय? उतरा!" भावजी म्हणजे मी. महिनाभर मी 'अहो करमरकर' होतो. मी उतरलो आणि मांडीपर्यंत सिंगापूरमध्ये गेलो. जिथे च्युइंगगम मिळत नाही अशा स्वच्छ देशात एवढा दर्जेदार चिखल असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

आम्ही चौघं पोटावर रेलून दोन होड्या ढकलत होतो आणि आमच्या नाकासमोर चिखलावर बोटाएवढे मासे उड्या मारत होते, डोळे डोक्यावर, रागीट चेहरा. "निवट्या!" वसुधाताई ओरडल्या. "अगं नीलिमा, बघ, निवट्या! काय कालवण होतं यांचं!"

'अगं नीलिमा' ऐकून मी नीलिमाकडे बघितलं. तिने चिखलातून भुवई वर केली.

वळणापलीकडे खोल पाण्याची धार होती. तिथे मिस गोह आणि मुक्ता आम्हाला शोधत परत येत होत्या. आमच्याकडे बघून मिस गोहचं वल्हं हवेतच राहिलं. कोण आंटी आणि कोण अंकल ते कळण्याची सोय नव्हती.

"व्हाय यू ऑल नेव्हर शाउट?"

"वी शाउटेड," नीलिमा म्हणाली. "लिटल बिट लेट."

उत्तरेचा किनारा

त्या दिवसाचा मुक्काम बेटाच्या उत्तर बाजूला. समोर हाकेच्या अंतरावर मलेशिया. माझ्या फोनने दर पंधरा मिनिटांनी मलेशियात माझं स्वागत केलं, मी जागचा हललो नव्हतो तरी.

संध्याकाळी वसुधाताई म्हणाल्या, "भात मी टाकते," आणि नीलिमा म्हणाली, "टाका. मी बसते." तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही. मी तिथे होतो, माझ्या अंगावर काटा आला. मेतकूट-भात, वर तूप, आणि मिस गोहनी त्यात आपला सांबाल आणून घातला. हा सांबाल म्हणजे लाल मिरचीचा ठेचाच, पण सुकटीचा वास असलेला. वसुधाताईंनी बोट लावून चाखला आणि भुवया उंचावल्या. "ही बाई आमच्याकडची आहे!" मिस गोहनी मेतकूट चाखलं आणि विचारलं, हे कशासाठी घेतात, पोट बिघडल्यावर का? मग तीनदा मागून घेतलं.

इकडे आम्ही मुक्ताला एकीकडे बोलावलं. आता रोग कळला होता, औषध ठरवायचं होतं. वसुधाताईंनी सांगितलं होतं, उद्या माझ्या होडीत मुक्ता बसेल. ही परीक्षा आहे हे समजायला ज्योतिषी नको होता.

"हे बघ," मी म्हटलं, "त्यांना वाटतं तू नाजूक आहेस. उद्या जीव तोडून वल्हव."

"हात दुखले तरी हूं की चूं करू नकोस," नीलिमा म्हणाली.

"पण बाबा, इट्स सो सिली."

"सिली तर सिली. एका दिवसाचा प्रश्न आहे."

मुक्ताने आमच्याकडे आळीपाळीने बघितलं. "यू टू आर व्हेरी डेंजरस, लाह," शेवटी सिंगापुरी 'लाह' जोडून ती म्हणाली आणि गेली. पण निनाद पलीकडे भांडी घासत होता, आणि त्याच्याकडे बघून तिचा चेहरा जो झाला त्यावरून मला कळलं, ती करणार.

पूर्वेचं टोक

सकाळी वारा होता. पूर्वेकडून, थेट तोंडावर. पाण्यावर बारीक टोकदार लाटा उठलेल्या. अशा वाऱ्यात थांबलं की होडी मागे जाते.

मिस गोहबरोबर आता नीलिमा. तिची काय अवस्था झाली ते तिच्याच तोंडून ऐकावं. 'लेफ्ट, राइट, लेफ्ट, राइट, आंटी, डोंट ड्रीम!' या शब्दांनी ती अजून झोपेत दचकते. मुक्ता मागे, वसुधाताई पुढे. मी आणि निनाद त्यांच्या बाजूलाच.

सुरुवातीला छान चाललं. वसुधाताई आता उजवं-डावं बरोबर मारत होत्या, आणि ताकद होती बाईंच्या हातात! टोक जवळ आलं. पलीकडे चेक जावाची दलदल, तिच्यावरचा लाकडी पूल, पुलावर सकाळची माणसं. वारा तिथे सगळ्यात जास्त. आणि नेमकं तिथे वसुधाताईंनी वल्हं उचललं, मांडीवर आडवं ठेवलं, आणि हात जोडून देवळात बसल्यासारख्या समोर बघत बसल्या.

"ओढ, मुक्ता, ओढ!" मी पुटपुटलो.

मुक्ता ओढत होती. एकटी. भक्कम वरमाई पुढे घेऊन, वाऱ्याच्या तोंडावर. दात आवळलेले, चेहरा लाल. होडी एक हात पुढे जायची, अर्धा हात मागे यायची. वसुधाताई मागे वळून बघत नव्हत्या. पलीकडच्या होडीतून नीलिमा दोन्ही हातांनी लेकीला खुणावत होती: शाबास, शाबास, गप्प राहा. मिस गोह तिच्यावर ओरडत होत्या.

"आई! मार ना वल्हं!" निनाद ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने आईला काही सांगितलं. आईने ऐकलं नाही.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मला तरी वाटलं मुक्ताला मोतीबिंदू होईल एवढा गेला. आणि मग माझ्या लेकीने वल्हं आपटलं. पाण्याचा फवारा वरमाईंच्या पाठीवर.

"काकू! व्हॉट इज धिस? मी एकटी का? होडीत दोघी बसलोय ना? यू ऑल्सो पॅडल, लाह!"

संपलं, मी मनात म्हटलं. निनादच्या पाठीकडे बघायची हिंमत होईना. नीलिमाने डोळ्यांवर हात घेतला. होडी वाऱ्याने मागे जाऊ लागली.

वसुधाताई वळल्या. पाठ भिजलेली, केस वाऱ्यावर, आणि चेहऱ्यावर असं हसू, जे आम्ही महिनाभरात पाहिलं नव्हतं. "पुन्हा म्हण," त्या म्हणाल्या.

"काय?"

"जे म्हणालीस ते."

मुक्ताला राग उतरवायला जमत नाही, माझ्यावर गेली आहे. "यू. ऑल्सो. पॅडल!"

"मला हेच बघायचं होतं गं." वसुधाताई आता सगळ्यांना ऐकू जाईल अशा बोलत होत्या, वाऱ्यामुळे की मुद्दाम, कोण जाणे. "मी कधी बोलले नाही. सगळं गाव म्हणायचं, वसुधा काय सोशिक! हेही घरी आले की म्हणायचे, तू आहेस म्हणून मला घोर नाही. घोर नाही म्हणून पुन्हा जायचे. एकदा जरी ओरडले असते ना, 'मी एकटी का' म्हणून, तर ते उतरले असते बोटीवरून. चांगले होते ते. त्यांना कळलंच नाही. मी कळू दिलं नाही." मग त्यांनी आमच्याकडे बोट दाखवलं. "हा त्यांचाच मुलगा आहे. याला सांगावं लागतं. तू सांगशील?"

मुक्ताने निनादकडे बघितलं. "रोज सांगीन," ती म्हणाली. एवढं शुद्ध मराठी तिने दहावीनंतर वापरलं नव्हतं.

"काका," निनाद पुढून हळूच म्हणाला, "मी शोअर जॉबसाठी, म्हणजे किनाऱ्यावरच्या नोकरीसाठी, अर्ज केलाय. आईला सांगायचं राहिलंय."

"मुक्ताला सांगितलंस?"

"तिनेच करायला लावला."

मी कपाळाला हात लावला. म्हणजे मुलगी पास होऊन बसली होती आणि आम्ही तिला नापास होण्याची शिकवणी देत होतो.

वसुधाताईंनी वल्हं उचललं. उजवं, डावं, उजवं, डावं, मुक्ताच्या लयीत. त्यांची होडी वाऱ्याला चिरत अशी निघाली की बघता बघता आम्हाला मागे टाकून गेली. निनाद तोंड उघडं ठेवून बघत होता, वल्हं हातात तसंच. आम्ही मागे मागे चाललो होतो, आणि मी एकटाच धापा टाकत ओढत होतो, कारण होणाऱ्या जावयाला काय बोलायचं हा माझा प्रश्न अजून सुटला नव्हता.

तो वसुधाताईंनी सोडवला. पुढून त्यांचा आवाज आला, खाडीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर हाक मारतात तसा, चेक जावाच्या पुलावरची माणसंही वळून बघतील असा:

"निनाद! मेल्या, सासऱ्यांना एकट्याला ओढायला लावतोस? हात हलव!"

सासऱ्यांना.

नीलिमाने ऐकलं. वल्हं टाकून तिने टाळ्या वाजवल्या आणि मिस गोहनी शिट्टी. मी ऐकलं आणि आनंदाने दोन्ही हात वर करून होडीत उभा राहिलो. कयाकमध्ये उभं राहू नये हे मिस गोहनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पाणी कोमट होतं, खारट होतं, आणि माझ्या बाजूला लाइफ जॅकेटमध्ये तरंगत, नाकातोंडातलं पाणी काढत माझा जावई वर आला. मी त्याला आयुष्यातला पहिला हुकूम दिला.

"बघतोस काय? होडी पकड."

"हो, बाबा," तो म्हणाला, आणि पकडली.